हिरवं दिसलं म्हणून दावं सोडू नका

वळवाच्या दोन सरी पडून गेल्या की या सदराचं टपाल पालटतं. चैत्र-वैशाखात ‘चारा संपला, काय घालू’ अशी पत्रं येतात, आणि ज्येष्ठ लागला की ‘चारा आला अन् जनावर गेलं’ अशी. म्हणून या खेपेला गोठ्याचे प्रश्न आधी घेतले आहेत. चार महिने कडब्यावर काढलेल्या जनावराचं पोट एका दिवसात ओल्या चाऱ्यावर येत नाही. पोटातले जे जंतू चारा पचवतात, त्यांना नवा चारा अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. खालची बरीच उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून शाळू उपटून न काढता विळ्यानं कापून घेतला. धसकटं रानात राहिली. वळीव झाल्यावर त्यांना फुटवे आले, वीतभर-दीड वीत. परवा दावं तोडून दोन गाई त्या रानात शिरल्या. एक अर्ध्या तासात गेली. दुसरीला डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, ती वाचली. शेजारी म्हणतात पान लागलं, म्हणजे साप चावला, घरचे म्हणतात बांधावरच्या भावकीनं काही तरी घातलं. नक्की काय झालं, आणि त्या रानाचं आता काय करू? – एक शेतकरी, ता. मंगळवेढा

उत्तर : दादा, पान लागलं नाही आणि भावकीनंही काही घातलेलं नाही. तुमच्या गाईला किराळ लागली, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा झाली. डॉक्टरांनी शिरेतून दिलेल्या औषधानं दुसरी गाय उठली, हाच त्याचा पुरावा. तेव्हा भावकीशी बोलणं बंद केलं असेल तर आधी ते सुरू करा.

ज्वारीच्या कोवळ्या पानात एक द्रव्य असतं. पान चावलं गेलं आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पोचलं की त्यातून सायनाइडचं विष सुटतं. पीक गुडघ्याच्या खाली असताना ते सगळ्यात जास्त असतं आणि ताट वाढत जाईल तसं कमी होतं. पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी, युरियाचा हात सैल सुटलेली ज्वारी आणि तुमच्यासारखे धसकटाचे फुटवे या तीन ठिकाणी धोका दुप्पट. त्यात जनावर उपाशी असलं, तर ते अधाशासारखं खातं आणि विष एकदम रक्तात उतरतं. बांधावर चार घास खाऊन पुढं जाणारी गाय वाचते. रानात मोकाट सुटलेली भुकेली गाय वाचत नाही.

लक्षणं पंधरा-वीस मिनिटांत दिसू लागतात. गाय थबकते, धापा टाकते, तोंडातून लाळ गळते, पोट फुगल्यासारखं वाटतं, पाय अडखळतात, मग आडवी पडून आचके देते. अशा वेळी तिचा ओठ उलटून हिरडी पाहा, किंवा डोळ्याची खालची पापणी ओढून आतली कातडी पाहा. किराळीत ती लालभडक दिसते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण अंगातल्या पेशींना तो वापरताच येत नाही, म्हणून रक्त लालच राहतं. याच्या उलट रक्त चॉकलेटी, काळपट दिसलं तर ती नायट्रेटची विषबाधा असते आणि तिचं औषध वेगळं असतं. किराळीवरच्या औषधांपैकी एक अशा जनावराला दिलं तर ते उलटं अंगावर येतं. म्हणून डॉक्टरांना फोन करताना नुसतं ‘गाय पडली’ म्हणू नका. ‘ज्वारीचे फुटवे खाल्लेत, हिरडी लालभडक आहे’ असं सांगा. औषध गाडीत आहे की दवाखान्यातून आणायचं, हे त्यांना निघण्याआधीच कळतं. इथं दहा मिनिटांवर जनावर जातं किंवा राहतं.

गुळाचं पाणी पाजायची आपल्याकडं रीत आहे. गाय उभी असेल आणि नीट गिळत असेल तर त्यानं बिघडत नाही, पण त्यावर विसंबून डॉक्टरांना उशिरा बोलावू नका. आडव्या पडून आचके देणाऱ्या गाईला मात्र नळीनं, बाटलीनं काहीही पाजू नका. पाणी फुप्फुसात जातं, आणि विषातून वाचलेली गाय निमोनियानं जाते.

आता रान. वाळलेल्या कडब्यानं किराळ लागत नाही, कारण उन्हात नीट वाळताना विष उडून जातं. तरीही हे फुटवे कापून घालायच्या फंदात पडू नका. अर्धवट सुकलेला ढीग गोठ्यात आला की पुन्हा तेच. रान नांगरून टाका. खरिपात चाऱ्यासाठी ज्वारी पेरणार असाल, तर ती निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय विळा लावू नका. आणि पुढच्या साली मजूर मिळाले तर शाळू उपटूनच काढा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तिथल्या जुन्या लोकांची उपटून काढायची पद्धतही तेवढीच मोलाची होती. मुळासकट गेलेल्या ताटाला फुटवा येत नाही.

प्रश्न : साठ मेंढरांचा वाडा आहे. मागच्या मृगात चार दिवसांत सहा कोकरं आणि दोन मेंढ्या गेल्या. रात्री चांगल्या होत्या, सकाळी वाघरात (रात्रीच्या जाळीच्या कुंपणात) मरून पडलेल्या. गेली ती सगळी वाड्यातली चांगली, अंगानं भरलेली. रोडकी तशीच राहिली. ही करणी म्हणायची का? यंदा काय करावं? – एक मेंढपाळ, ता. आटपाडी

उत्तर : पाव्हणं, ‘गेली ती चांगलीच’ या तुमच्या एका वाक्यात रोगाचं नाव आहे. हा आंत्रविषार. याचे जंतू धडधाकट मेंढीच्या आतड्यातही थोडेफार असतातच. कोवळं, लुसलुशीत गवत एकदम पोटभर मिळालं की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. जो जास्त खाणारा, दांडगा, आईचं दूध भरपूर पिणारा, तो आधी जातो. रोडकं कोकरू मागं राहतं, त्याला कमी मिळतं, म्हणून ते वाचतं. करणी करणारा एवढा हिशेब करत बसत नाही.

मेलेलं कोकरू डॉक्टरांनी फाडलं तर मूत्रपिंड पाहायला सांगा. नुकत्याच मेलेल्या निरोगी जनावराचं मूत्रपिंड बोटानं दाबलं तर घट्ट लागतं. आंत्रविषारात ते चिखलासारखं लिबलिबीत होतं, बोट आत जातं. मेंढी रात्रीत मेली आणि तपासणी दुपारी झाली तर मात्र उन्हानंही तसंच होतं, म्हणून सकाळीच बोलवा. एक ताकीद : मेलेल्या जनावराच्या नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठलेलं रक्त येत असेल, तर ते फाडू नका, कातडं काढू नका, मटणही करू नका. ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते आणि तो रोग माणसालाही होतो. असं जनावर आहे तिथंच ठेवून दवाखान्यात कळवा.

लस आजच द्या. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि खरं बळ त्या दुसऱ्या डोसानंतरच येतं. मृग लागायच्या आत दोन्ही झाले तर उत्तम, नाही तर एक तरी अंगात जाऊ द्या. गाभण मेंढ्यांना विण्याच्या महिनाभर आधी लस दिली की चिकातून कोकरांना ताकद मिळते. म्हणून चीक पोटभर पाजा, आणि पहिल्या तासा-दोन तासांतच पाजा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस वेगळी, ती या रोगावर चालत नाही. पण एकदा दिली की तीनेक वर्षं पुरते, तेव्हा राहिली असेल तर तीही मागून घ्या.

चरायला सोडण्याची रीत बदला. सकाळी वाघर उघडायच्या आधी कडब्याची कुट्टी, भुसकट, वाळलेल्या बाभळीच्या शेंगा, जे असेल ते थोडं खाऊ घाला. दव उतरू द्या. पहिले काही दिवस हिरव्या माळावर तासभरच, मग वाढवत न्या. मेंढपाळ म्हणतील, माळ हिरवा दिसत असताना मेंढरं आवरत नाहीत. खरं आहे. पण पोट अर्धं भरलेलं असलं की ती आवरतात.

श्रावण आला की दुसरं संकट : चौथ्या पोटात रक्त पिणारे जंत. अशी मेंढी खाते, पण जबड्याखाली सूज येते आणि मागं पडू लागते. पंधरवड्याला एकदा वाड्यातल्या चार-दोन मेंढरांची खालची पापणी ओढून पाहा. आतला रंग लाल-गुलाबी असला तर जंताचं औषध नको. फिका, पांढरट दिसला तर वजनाच्या हिशेबानं औषध पाजा. सगळ्या वाड्याला दर महिन्याला तेच औषध पाजत बसलात तर जंतांनाच त्याची सवय होते.

प्रश्न : दोन एकर मुरमाड माळ आहे. विहिरीचं पाणी तिथं जात नाही. गायी दोन, शेळ्या आठ. यूट्यूबवर पाहून सुपर नेपिअरचे डोळे आणायचं ठरवलंय. एकरी किती लागतील? – एक तरुण शेतकरी, ता. माण

उत्तर : एकही नको. नेपिअर, मग ते कुठल्याही नावाचं असो, पाण्याचं आणि शेणखताचं पीक आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंतसुद्धा बागायतातच बहरतो. तुमच्या माळावर ते पहिल्या साली जगेल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून जाईल. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या मागं ठिबकची नळी दिसते का, तेवढं पुन्हा नीट पाहा.

माळाला दोनच गोष्टी लागतात : विश्रांती आणि पाणी अडवणं. पाऊस लागायच्या आत उताराला आडवे चर काढा, माती चराच्या खालच्या अंगाला टाका. मग सारा माळ बंद करा. पहिल्या वर्षी एकही जनावर आत नको, शेळी तर नकोच. आपल्या भागातला माळ मेलेला नसतो, चरून चरून बुटका झालेला असतो. एक पावसाळा बंद ठेवला की मारवेल, पवन्या कुठून कुठून डोकं वर काढतात ते तुम्हीच पाहाल. कुसळी गवत मात्र भाद्रपदात, कुसळ धरायच्या आधीच कापा. कुसळ धरलं की ते शेळीच्या तोंडात रुततं आणि मेंढीच्या लोकरीत घुसतं.

मोकळ्या जागी मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब दीड-दोन फुटांच्या ओळीत लावा. चांगला पाऊस झाल्यावर ओल्या मातीतच लावा. चरांच्या मातीवर स्टायलोचं बी फोका, एकरी तीन-चार किलो. हे द्विदल आहे, गवतात प्रथिनं कमी असतात ती यात मिळतात. त्याचं टरफल कठीण असतं. 80 अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून, लगेच गार करून, सावलीत सुकवून पेरलं तर उगवतं, नाही तर निम्मं तसंच पडून राहतं. स्टायलो पहिल्या साली हिरमोड करतं. दुसऱ्या साली त्याची किंमत कळते.

बांधाला अंजन आणि बोर लावा, शेळ्यांसाठी. सुबाभूळ लावली तर ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका, जनावराचे केस गळू लागतात. दुसऱ्या वर्षापासूनही शक्यतो चारायला सोडू नका, फुलोऱ्यात चार बोटं बुंधा ठेवून कापा आणि गव्हाणीत टाका. दोन एकरांत दोन गायींचं वर्षभर पूर्ण भागेल असं म्हणत नाही, पण दिवाळीपर्यंत विकतचा चारा थांबेल आणि पुढं वाळलेला गवताचा भारा हाताशी राहील.

प्रश्न : माझी संकरित गाय व्यायल्याला सहा महिने झाले. तीन वेळा रेतन केलं, दर वेळी उलटली, गाभण राहिली नाही. दूध बारा लिटरवरून आठवर आलं. चारा म्हणाल तर डिसेंबरपासून कारखान्याचं तोडणीचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर मिळतं, तेच घालते, वर चार किलो पेंड. आता गाय विकावी असं घरात म्हणतात. – एक वाचक, ता. वाळवा

उत्तर : ताई, गाय एवढ्यात विकू नका. आधी वाढं कमी करा.

उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे जातं. प्रथिनं आणि स्फुरदही वाढ्यात तुटपुंजंच. फुकट मिळतं म्हणून सहा महिने गव्हाणीत वाढंच, म्हणजे गाय स्वतःच्या हाडातून दूध देते आणि गाभण राहायला तिच्याकडं काही उरत नाही. वाढं एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर आणा. बाकी मका, लसूणघास, थोडा कडबा. बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. रोज 50 ते 60 ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण द्या. मिठाची वीट त्याची जागा घेत नाही.

रेतनाच्या वेळेचंही पाहा. संकरित गाई उन्हाळ्यात मुका माज दाखवतात, हंबरत नाहीत, आणि दाखवला तर रात्री दाखवतात. निजायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा गोठ्यात चक्कर मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. पुढच्या माजात ती सोट (चिकट स्राव) टाकेल तेव्हा हातावर घेऊन उजेडात धरा. काचेसारखा स्वच्छ, तार सुटणारा असला तर गर्भाशय चांगलं. त्यात पांढरे कण, पुवाची गुठळी दिसली तर त्या माजात रेतन करू नका, डॉक्टरांकडून गर्भाशय धुऊन घ्या. तीनदा उलटलेल्या गाईला चौथ्यांदा तपासणीशिवाय रेतन करणं म्हणजे पैसे पाण्यात.

प्रश्न : दुभत्या म्हशीच्या अंगावर गोचीड फार. औषध दुकानदार इंजेक्शन देतो म्हणतो, एकदा दिलं की महिना पाहायला नको. द्यावं का? – ता. फलटण

उत्तर : ते इंजेक्शन आयव्हरमेक्टिनचं असेल, तर दुभत्या जनावराला नको. औषध दुधात उतरतं. डॉक्टरांना विचारून दुभत्याला चालणारं, पाठीवर ओतायचं किंवा फवारायचं औषध घ्या. आणि अंगावरच्या गोचिडाच्या मागं लागताना भिंत विसरू नका. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली शिरून हजारोंनी अंडी घालते. फटी लिंपा, चुना मारा, शेण-मुताचा कचरा गोठ्याबाहेर न्या. गोठ्यात चार कोंबड्या असू द्या, अंगावरून पडलेला गोचीड त्या शिल्लक ठेवत नाहीत. गोचिडानंतर ताप आणि मानेजवळच्या गाठींना सूज आली तर थांबू नका, तो गोचीडताप असतो.

प्रश्न : घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलंय. पेरावं का? – ता. औसा

उत्तर : आधी उगवून पाहा, मग विचारा. पोत्यातलं वरचं, मधलं, तळाचं असं मिसळून शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीनं ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उलगडा आणि नीट कोंब आलेले मोजा. 70 किंवा जास्त असले तर एकरी 30 किलो पुरतं. 60 आले तर 35 किलो धरा. त्याखाली असलं तर ते बाजारात घाला आणि बियाणं दुसरं घ्या. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, पोती आपटू नका, थप्पी उंच लावू नका. पेरताना आधी बुरशीनाशक चोळा, ते सुकलं की शेवटी रायझोबियमचं जिवाणू खत, हा क्रम उलटा करू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका. बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर पाऊस कितीही चांगला असो, वर येत नाही.

मागच्या अंकात शंखी गोगलगायीबद्दल विचारणाऱ्यांना सविस्तर उत्तर पुढच्या अंकात देतो. तोवर बांधाकडेला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी पसरा, पहाटे उचलून त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला.